पाठमोरा वर्ग

फळ्यावर लंब टाकता टाकता बाईंची नजर सहज मोबाइलकडे गेली आणि हातातला खडू जिथल्या तिथे थांबला. एरवी त्या इवल्याशा पडद्यावर नुसते काळे चौकोन असायचे, प्रत्येकात एकेका मुलाचं नाव, आणि कोपऱ्यातल्या एका चौकोनात त्या स्वतः. सगळ्यांचं नेट पुरत नाही म्हणून मुलांनी कॅमेरे बंद ठेवायचे, आवाजही बंद ठेवायचा, असा शाळेचा नियम होता. लॉकडाऊन सुरू झाल्यापासूनचा हा त्यांचा एकोणिसावा तास, आणि आतापर्यंत त्या चौतीस नावांना भूमिती शिकवत आल्या होत्या. आज मात्र त्यातला एक चौकोन उजळला होता. चुकून कुठेतरी बोट लागलं असणार. खिडकीतला उजेड, भिंतीवरचं कॅलेंडर, आणि मधोमध एक वेणी. पहिल्या बाकावरची मुलगी, वर्गातली सगळ्यांत हुशार, बाईंकडे चक्क पाठ फिरवून बसली होती. बाईंची कानशिलं तापली. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मुलं त्यांच्या तासाला झोपली होती, डबा खाऊन मोकळी झाली होती, एकानं बाकाखाली बेडूकसुद्धा आणला होता. पण पाठ कुणी फिरवली नव्हती. तिला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती किंचित बाजूला सरकली. तिच्या पलीकडे, कपाटाच्या दारावर, आरसा होता. आरशात तिचा चेहरा होता. ओठ दाताखाली धरून ती आरशातून फळ्याकडे बघत होती, वहीत लिहून घेत होती, पुन्हा बघत होती. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं. ती गर्रकन वळली, पडद्यावर एक मोठा अंगठा आला आणि चौकोन पुन्हा काळा झाला.

बाईंनी उरलेला तास तोंडी घेतला. खडू त्यांनी खाली ठेवून दिला, आणि तो का ठेवला हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एखादा जिना उतरताना पायाखाली शेवटची पायरी नसावी तसं काहीतरी झालं होतं. आरसा. भूमिती शिकायला आरसा कशाला लागतो? तास संपला, नावं एकामागोमाग एक गळाली, आणि पडद्यावर एकट्या बाई उरल्या, त्यांच्यामागे स्वयंपाकघराचं दार. त्या दारावर आज लिहिलेलं सगळं अजून होतं, आणि पडद्यातल्या दारावर ते कसं स्वच्छ वाचता येत होतं: त्रिकोण, लंब, त्याखाली तीन ओळींची सिद्धता. खऱ्या दारावर मात्र प्रत्येक अक्षर उलटं होतं, ओळ उजवीकडून निघून डावीकडे गेलेली. गेले अठरा तास बाईंना याचा केवढा अभिमान होता.

अभिमान असणारच. शाळा एकाएकी बंद झाली त्या दिवशी बाईंनी खडूंचा एक न फोडलेला डबा पर्समध्ये घातला होता. चोरी म्हणा हवं तर. घरी फळा नव्हता, दुकानं बंद होती. मग त्यांनी स्वयंपाकघराचं गडद हिरवं दार पकडलं. त्याची चकाकी पॉलिशपेपरनं घासून काढायला दोन दिवस गेले, बोटांची सालं निघाली, पण तिसऱ्या दिवशी दारावर खडू असा उमटला की शाळेतल्या फळ्यानं लाजावं. भाच्यानं फोनवरून समजावून सांगितलं तसा मोबाइल डब्यांच्या उतरंडीवर उभा केला, कॅमेरा स्वतःकडे. पहिला तास गुरुवारी होता. बाईंनी दारावर तारीख टाकली, धडा लिहिला, मागे वळून पडद्यात बघितलं. सगळं उलटं. आकडे उलटे, अक्षरं उलटी, आरशात दिसावीत तशी. चौतीस मुलं हे असलं बघतायत. बाईंनी नेट गेल्याचं निमित्त केलं आणि तास दहा मिनिटांत गुंडाळला. भाच्याला विचारावं असं एकदा मनात आलं, पण तो आधीच दोनदा म्हणाला होता, मावशी, तुला नाही जमायचं हे. शिवाय स्वतः तीन वेळा प्रयत्न केल्याशिवाय कुणाला विचारायचं नाही, हा नियम वर्गाला घालून दिलेला कुणी? बाईंनीच. वर्गात एखाद्यानं हात वर केला की त्या आधी विचारायच्या, "कितवा प्रयत्न?" आणि पहिला किंवा दुसरा म्हणाला की हात खाली. मग त्याच कशा विचारणार? त्यांनी तीन प्रयत्न केले. मोबाइल उलटा धरला, अक्षरंही उलटीच उभी राहिली. दारासमोर आरसा ठेवून त्यात कॅमेरा रोखला, तर फळा न दिसता मोबाइलच दिसू लागला. तिसऱ्या प्रयत्नाला त्यांनी खडू घेतला आणि मुद्दाम उलटं लिहून बघितलं. पडद्यावर ते सरळ आलं. वाकडंतिकडं, पहिलीतल्या पोराच्या हातचं, पण सरळ.

त्या दिवशी दुपारी एक गोष्ट घडली जी बाईंनी कुणाला सांगितली नव्हती, सांगायला होतंच कोण म्हणा. उजवा हात दुखायला लागला म्हणून त्यांनी खडू डाव्या हातात घेतला, नुसता धरायला, आणि त्या हातानं आपणहून लिहायला सुरुवात केली. उजवीकडून डावीकडे, एका दमात, अडखळण्याचं नावच नाही. बाई बघतच राहिल्या. हा हात त्या विसरल्या होत्या. म्हणजे हात होता, भांडी धरायला होता, पिशवी उचलायला होता, पण त्याला लिहिता येत होतं हे त्या पन्नास वर्षांपूर्वी विसरल्या होत्या. विसरल्या म्हणजे त्यांना विसरायला लावलं होतं. सहा वर्षांच्या असताना आईनं त्यांचा डावा हात मनगटापाशी रुमालानं खुर्चीच्या पाठीला बांधला होता. रोज संध्याकाळी तासभर, सहा आठवडे. आई दुष्ट नव्हती. गाठ सैल आहे ना, म्हणून ती दोनदोनदा बोट घालून बघायची. "तो हात घरी ठेवायचा," ती म्हणायची, "शाळेत न्यायचा तो हा." जणू एक हात म्हणजे चांगली चप्पल आणि दुसरा घरात घालायची. आईला भीती होती, शाळेत पोरीला हसतील, पुढे ऑफिसात हसतील, कुणाच्या घरी गेली की बघतील. रुमालाला साबणाचा वास होता. सहा आठवड्यांनी उजव्या हाताचं अक्षर असं सुधारलं की बाईंना वर्गात उभं करून दाखवलं गेलं, आणि पुढे त्याच उजव्या हातानं त्या फळ्यावर एका फटक्यात असं वर्तुळ काढू लागल्या की मुलांनी त्यांचं नाव कंपासबाई ठेवलं. हे नाव आपल्याला माहीत नाही असं त्या दाखवायच्या. मनातून त्यांना ते शाळेनं दिलेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रकांपेक्षा आवडायचं. आणि आता, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, घरी ठेवलेला हात कामाला निघाला होता.

पुढचा तास सोमवारी होता; तोवर चार दिवस बाईंनी दारावर सराव केला. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, इस्त्रीचे कपडे घालायचे, कारण घरात आहे म्हणून काय झालं, आणि लिहायचं. खालच्या मजल्यावरचा शिंपी मास्क शिवायचा. त्याच्या मशीनचा आवाज सुरू झाला की बाई खडू उचलायच्या आणि तो थांबला की चहा टाकायच्या. समोरच्या इमारतीतली एक आजी रोज त्याच वेळी गॅलरीत येऊन उन्हाला हात दाखवत बसायची, शेकोटीला बसावं तशी. आधी दोघींनी एकमेकींकडे नुसतं बघितलं, मग मान हलवली, मग एके दिवशी बाईंनी कप वर करून दाखवला आणि आजीनंही कुठूनसा एक कप वर केला. एवढ्याशा गोष्टीवर बाईंचा अख्खा दिवस निघायचा. रस्ता रिकामा, बातम्या वाईट, बहिणीचा फोन आला की ती आधी कोण गेलं ते सांगायची आणि मग जेवलीस का विचारायची. पण अकरा वाजता चौतीस नावं यायची, आणि दारावर डाव्या हातानं ओळ निघायची, आणि पडद्यावर ती मोत्यांसारखी उमटायची. मुलं संध्याकाळी वह्यांचे फोटो पाठवायची. सगळं बरोबर असायचं, नेहमीपेक्षा जास्त बरोबर. बाई त्या फोटोंकडे बघून मनात म्हणायच्या, बघा, सत्तावन्नाव्या वर्षी उलटं लिहायला शिकले मी तुमच्यासाठी. आणि हे त्यांना कळलंसुद्धा नाही, यातही एक गंमत होती. चांगलं काम कसं असावं, दिसूच नये.

आता त्या खुर्चीवर बसून होत्या आणि चहा टाकायचीही शुद्ध नव्हती. शेवटी त्यांनी भाच्याला फोन लावला.

"एक सांग," त्या म्हणाल्या, "कॅमेऱ्यात आपलं लिहिलेलं उलटं दिसतं ना?"

"ते फक्त तुला दिसतं गं, मावशी. तुझ्या पडद्यावर. बाकीच्यांना सरळच दिसतं."

"म्हणजे मी सरळ लिहिलं, तर मुलांना सरळ दिसणार."

"मग काय."

"आणि उलटं लिहिलं तर?"

"उलटं कशाला लिहिशील तू?" तो म्हणाला. त्यानं हसू दाबलं ते बाईंना ऐकू आलं. दाबलेलं हसू उघड्या हसण्यापेक्षा जास्त लागतं. "मावशी, किती दिवस?"

"ठेव फोन," बाई म्हणाल्या.

त्याही परिस्थितीत त्यांना पहिली आठवली ती उद्याची गोष्ट. उद्या मोठ्या बाई तासाला बसणार होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. हुद्द्यानं मोठ्या, वयानं अकरा वर्षांनी लहान. परवाच त्यांचा फोन आला होता, अगदी गोड. नव्या सरांनी भूमितीचे तास रेकॉर्ड केलेत, चित्रं हलतात, संगीत वाजतं, मुलांना आवडतंय. तुमचं एकच वर्ष राहिलंय, बाई, तुम्हाला या वयात ही दगदग कशाला? मी एकदा तुमचा तास बघते आणि मग ठरवू. ठरवू म्हणजे ठरलंय, हे न कळण्याइतक्या बाई भोळ्या नव्हत्या. त्यांच्या वर्गाला नवे सर मिळणार, आणि बाईंनी हजेरीचे तक्ते भरत निवृत्तीची वाट बघायची. तरी आज सकाळपर्यंत त्यांना धास्ती नव्हती. बघू देत की, त्या मनात म्हणाल्या होत्या. माझं दार बघू देत. आता त्या दाराकडे बघताना त्यांना तोंडात मारल्यासारखं होत होतं. अठरा तास त्या मुलांपुढे उलटं लिहीत होत्या. अठरा दिवस कुठल्या ना कुठल्या घरात कुणीतरी हसलं असेल. म्हातारी झाली, बिचारी, एकटी राहते. हे बिचारी त्यांना फार झोंबलं.

दुपारी त्यांनी ग्रुपवरून नंबर काढून पहिल्या बाकावरच्या मुलीला फोन केला.

"बाई, मी कॅमेरा मुद्दाम नाही सुरू केला," ती हॅलोच्या आधीच म्हणाली.

"ते राहू दे. पाठ फिरवून का बसली होतीस?"

"आरशात बघायला." मग जरा थांबून, "सगळेच बसतात, बाई. म्हणजे ज्यांच्या घरी मोठा आरसा आहे ते. बाकीचे हातात धरतात. मागच्या बाकावरच्या लंबूला आता आरसा लागतच नाही, तो तसाच वाचतो."

"आणि हे तुम्ही मला विचारलं का नाही?"

"तुम्हीच सांगता ना, तीन प्रयत्न झाल्याशिवाय विचारायचं नाही. आधी आम्ही कागदावर उतरवून घेतलं आणि कागद उजेडात धरून मागून वाचला. वेळ फार लागायचा. मग लंबूनं फोटो काढून फोनमध्येच फिरवला, पण तोवर तुम्ही पुढच्या ओळीवर जायचात. तिसऱ्यांदा आरसा. तो चालला. मग विचारायचं काही राहिलंच नाही."

बाईंनी विचारलं, "घरी कुणी काही म्हणालं नाही?"

"बाबांनी एकदा बघितलं. म्हणाले, आमच्या वेळीपण गणित असंच दिसायचं." ती हसली, आणि बाई हसल्या नाहीत हे कळून थांबली. "बाई, पहिल्या दिवशी तुम्ही सरळ लिहिलंत आणि सोमवारपासून उलटं. आम्हाला वाटलं, आम्ही झोपू नये म्हणून करताय. मुद्दामच करताय ना?"

खालचं शिंप्याचं मशीन चालू होतं. हो म्हणणं किती सोपं होतं. नुसतं हं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"उद्या वेळेवर ये," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळभर त्या दार पुसत होत्या. ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं, मग पुन्हा ओल्या. उद्या उजव्या हातानं सरळ लिहायचं, एक अक्षर बोलायचं नाही. मुलांचे कॅमेरे बंद असतील, आवाज बंद असतील, मोठ्या बाई स्वच्छ सरळ फळा बघतील, एका फटक्यात वर्तुळ बघतील, विषय संपला. मुलं आरसे बाजूला ठेवतील. त्यांना काय, गंमत संपली म्हणतील. सगळं जमत होतं. तरी बाईंना स्वस्थता नव्हती. त्यांनी उजव्या हातानं एक ओळ लिहून बघितली, ती सुरेख आली. डावा हात मांडीवर पडून होता. त्याच्या बोटांच्या कडांना अजून खडू होता. तो हात घरी ठेवायचा, त्यांनी मनातल्या मनात म्हटलं, आणि आवाज आपला नसून आईचा आहे असं त्यांना वाटलं. मग त्यांना आणखी एक आठवलं, जे आठवायला त्यांना मुळीच आवडत नसे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वर्गात एक डावखुरी मुलगी होती. फळ्यावर गणित सोडवायला आली, डाव्या हातानं लिहू लागली, लिहिता लिहिता मनगटानं पुसू लागली, आणि मुलं हसली. बाईंनी डस्टरनं तिच्या हातावर हलकंच टकटक केलं. "दुसऱ्या हातानं," त्या म्हणाल्या होत्या. रागावून नव्हे, समजुतीनं. त्या मुलीनं एवढ्या चटकन खडू दुसऱ्या हातात घेतला होता की बाईंना तेव्हाच कळायला हवं होतं, घरी कुणीतरी तिलाही हेच सांगत असणार. आपण कुणाच्या बाजूनं उभ्या राहिलो, हा प्रश्न त्यांनी तेव्हा स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तरही आलं असतं, म्हणून विचारला नाही. आता तीस वर्षांनी ती मुलगी कुठे असेल, लॉकडाऊनमध्ये कुठल्या घरात बसून कुठल्या हातानं लिहीत असेल, कोण जाणे. बाईंनी फडकं पिळलं. पाणी पांढरं निघालं, दुधासारखं, आणि बराच वेळ तसंच निघत राहिलं.

सकाळी त्यांनी कपड्यांना दोनदा इस्त्री केली. गॅलरीतल्या आजीला कप दाखवला, पण चहा अर्धाच प्यायला गेला. अकराला पाच कमी असताना मोठ्या बाईंचा चौकोन आला, केस नीट बांधलेले, मागे पुस्तकांचं कपाट. नमस्कार झाले. नावं येत गेली, एकतीस, बत्तीस, चौतीस. बाईंनी उजव्या हातात खडू घेतला.

"एक मिनिट, बाई," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलांनो, आज सुरुवातीला सगळ्यांनी कॅमेरे सुरू करा. मला तुम्हाला बघायचंय."

बाईंच्या हे ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी काही म्हणायच्या आत चौकोन उजळू लागले. एक पाठ. दुसरी पाठ. लाल फ्रॉकची पाठ, बनियनमधली पाठ, ओले केस, दोन वेण्या, कुणाच्या मानेवर टॉवेल. कपाटांचे आरसे, भिंतीवरचे आरसे, खुर्चीवर टेकवलेला एक दाढीचा आरसा, आणि हातात धरलेल्या आरशांचे उजेडाचे तुकडे छपरावर थरथरत. लंबू तेवढा सरळ बसला होता. बाकी अख्खा वर्ग पाठमोरा.

"हे काय आहे?" मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज गोड नव्हता. "पाठ फिरवून का बसलात सगळे? ही काय शिस्त आहे?"

एक माइक सुरू झाला. वेणीवाली वळली होती. तिचं तोंड उतरलं होतं.

"आमची चूक आहे, मोठ्या बाई. आम्हीच ठरवलं होतं. गंमत म्हणून. बाईंना माहीत नव्हतं."

ती खोटं बोलत होती, आणि किती नीट बोलत होती. काल फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं, त्यावरून तिनं ते काढलं होतं. दिलेल्यावरून न दिलेलं काढायला बाईंनीच तिला शिकवलं होतं. बाईंना एकदम वाटलं, या पोरीच्या पाठीमागे लपून मी उरलेलं वर्ष काढू? त्यांनी उजव्या हातातला खडू खाली ठेवला.

"तिची चूक नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मला माझ्या पडद्यावर सगळं उलटं दिसतं. मला वाटलं, मुलांनाही तसंच दिसत असणार. म्हणून अठरा तास मी फळ्यावर उलटं लिहिलं, त्यांना सरळ दिसावं म्हणून. ते त्यांना उलटंच दिसत होतं. मला काल कळलं. काल या मुलीनं मला सरळ विचारलं, तर मी तिला उत्तर दिलं नाही. तीही माझीच चूक." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "आणि मी ते डाव्या हातानं लिहीत होते. मी डावखुरी आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही."

मोठ्या बाई चष्मा काढून पुसत होत्या.

"अठरा तास," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि तुम्ही मुलं अठरा तास आरशात बघून भूमिती शिकलात?"

"हो," लंबू म्हणाला. त्याच्या आवाजात माफी मागण्याचा मागमूस नव्हता. "मला तर आता आरशाशिवाय येतं."

"काल काय शिकवलं?"

लंबूनं सांगितलं. मोठ्या बाईंनी आणखी एकीला विचारलं, मग मानेवर टॉवेलवाल्याला. त्यानं आरशाकडे बघतच सिद्धता म्हटली, न अडखळता, तिन्ही पायऱ्या, आणि शेवटी बाई म्हणतात तसं "म्हणून" या शब्दावर जोर दिला. बाई ऐकत होत्या. कालपासून छातीत बसलेलं काहीतरी सुटत होतं, आणि त्याच्या जागी जे येत होतं ते इतकं मोठं होतं की त्यांना त्याची भीतीच वाटली. ही मुलं माझी आहेत, त्यांना वाटलं. कुणी सांगितलेलं नसताना यांनी उजेडात कागद धरले, फोटो फिरवले, आरसे हलवले. हसायला नाही. वाचायला. आपण उलटं लिहायला शिकलो याचा त्यांना जो अभिमान होता तो याच्यापुढे काहीच नव्हता.

मोठ्या बाईंनी चष्मा घातला. "नव्या सरांच्या तासाला," त्या सावकाश म्हणाल्या, "चित्रं हलतात. निम्मी मुलं येतात, आणि आलेली किती जागी असतात मला माहीत नाही." त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. "चालू द्या, बाई. हा वर्ग तुमच्याकडेच राहील. पण आता त्यांना वळू तरी द्या."

"वळा," बाई म्हणाल्या.

खुर्च्या सरकल्या, काहीतरी पडलं, कुणाच्या तरी घरात कुणीतरी ओरडलं, आणि चौतीस चेहरे बाईंसमोर आले. महिन्याभरात त्यांनी ते बघितले नव्हते. एकाचा दात पडला होता, एकीनं स्वतःच केस कापून घेतले होते आणि ते फसलेत हे तिला माहीत होतं, एक जण फारच बारीक दिसत होता. बाईंनी प्रत्येकाकडे बघितलं, हजेरीच्या क्रमानं. मग त्या दाराकडे वळल्या आणि खडू डाव्या हातात घेतला. आज वर्तुळाचा धडा होता. सरळ लिहायची या हाताला सवय नव्हती. पहिली ओळ उताराला लागली, अक्षरं एकमेकांवर रेलली, मनगटानं निम्मं शीर्षक पुसलं. मागे कुणी हसलं नाही. बाईंनी हात वर नेला आणि एका फटक्यात वर्तुळ काढलं. ते वर्तुळ झालं नाही. खाली चपटं, वर फुगीर, बटाटाच निघाला. कंपासबाईंनी असलं वर्तुळ उभ्या आयुष्यात काढलं नव्हतं. त्यांनी वळून पडद्याकडे बघितलं. खाली, जिथे मुलं उत्तरं लिहायची तिथे, वेणीवालीनं दोन शब्द लिहिले होते: कितवा प्रयत्न?

"पहिला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा हात वर नेला.